कोकमाची साइट काढली, पण गिऱ्हाईक बघून परत जातं: सुधारणा सुचवाल का?

पाणंद | 3 जुलै, दुपारी 2.20

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याहून थोडं आत आमचं गाव. घरचे रातांबे (कोकमाची झाडं) आहेत. सासूबाई आणि मी मिळून आगळ, आमसुलं, कोकम सरबत, फणसपोळी, आंबापोळी, कुळथाची पिठी, मालवणी मसाला असं आठ प्रकारचं करतो. आजवर सगळं ओळखीत खपायचं, उरलेलं गणपतीला येणारे चाकरमानी घेऊन जायचे. यंदा पाडव्याला भाच्याने वर्डप्रेसवर वूकॉमर्स (साइटवर दुकान चालवायची सोय) टाकून साइट काढून दिली. हौसेने केली, एक पैसा घेतला नाही. मग त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि साइट आली माझ्या गळ्यात.

साडेतीन महिन्यांत 11 ऑर्डरी. त्यातल्या 7 नात्यातल्या, म्हणजे त्या धरायच्या की नाही हा प्रश्नच. रोज 25-30 माणसं साइटवर येतात असं आकडे सांगतात. येतात, पडवीत उभी राहिल्यासारखी थोडा वेळ थांबतात आणि चपला घालून परत जातात.

मला वाटतं रंग चुकलाय. कोकमाचा म्हणून गडद जांभळा घेतला होता, तो मोबाइलवर काळाच दिसतो. लोगोही नवीन करून घ्यावा का? एकाने 6 हजार सांगितलेत. लिंक माझ्या प्रोफाइलात आहे. बघून स्पष्ट सांगा, राग मानणार नाही.

गजालीकार | 3 जुलै, दुपारी 3.05

काय गो, तुझ्या साइटीर मी आताच जावन इलंय. समुद्र दिसलो, माड दिसले, सूर्य बुडताना दिसलो. कोकम खंय आसा ता काय माका दिसलाच नाय. पर्यटन खात्याची साइट उघडली की काय असा वाटला. (हलकेच घे हां.)

तिठा | 3 जुलै, रात्री 9.40

गजालीकारांनी चेष्टेत मुद्द्याचं सांगितलंय. मी कुडाळचा, पोटापाण्यासाठी पुण्यात हेच काम करतो. तुमची साइट मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडली. रंगाला हात लावू नका. 6 हजार तर अजिबात देऊ नका.

मुख्य पान 19 एमबीचं आहे. वरचे पाच फिरते फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेत, एकेक साडेतीन एमबीचा. आपल्याकडे पावसात रेंजची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. शिरोड्याला बसून तुमची तुम्हाला साइट उघडता येते का, बघा. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. तिथे पत्ता टाकलात की पानावरची मुख्य गोष्ट किती सेकंदात दिसते ते कळतं. अडीच सेकंदांच्या आत आलं तर चांगलं धरतात. तुमचं 14 आलं.

उपाय घरच्या घरी होतो. फोटो 1200 पिक्सेल रुंदीचा करायचा आणि वेबपी प्रकारात साठवायचा. शंभर-दीडशे केबीत बसतो, डोळ्यांना फरक कळत नाही. ते फिरतं प्रकरण काढूनच टाका. दुसऱ्या फोटोपर्यंत कोणी थांबत नाही आणि पहिल्यावर तर समुद्र आहे. त्या जागी एकच फोटो: आगळाची बाटली, शेजारी सोलकढीचा पेला, खाली नाव, किंमत आणि बटण. फोटो सकाळी खळ्यात, सावलीत काढा. फ्लॅशमध्ये कोकमाचा रंग मरतो.

आणि ती लाटांची गाज. पानाला पहिलं बोट लागल्याबरोबर आपोआप वाजते. मी ऑफिसात होतो.

पाणंद | 3 जुलै, रात्री 10.15

अरे देवा! ती गाज मी स्वतः रेकॉर्ड केली होती. काढते.

चाकरमानी | 4 जुलै, सकाळी 11.30

ताई, वर तांत्रिक बोलून झालंच आहे. मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. वय 61, राहणार बोरिवली, मूळ गाव मालवणच्या बाजूला. तुमच्या साइटवरून खरोखरच खरेदी करायला बसलो. काय काय झालं ते क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा आगळ उघडलं. खाली मजकूर: "100 टक्के शुद्ध, नैसर्गिक, आरोग्यदायी. कोकणच्या मातीतला पारंपरिक अस्सल स्वाद." बरं. मग सरबत उघडलं. तोच मजकूर. कुळथाची पिठी, तोच मजकूर. आठही वस्तूंना तोच. मला आगळ माहीत आहे, पण आमची सून नाशिकची. तिने मागे एकदा दुसऱ्या कुणाकडून आणलेलं आगळ सरबत समजून साखर-पाणी घालून पाहुण्यांना दिलं होतं. पाहुणे बिचारे सज्जन, त्यांनी ते प्यायलं.

बाटली किती मिलीची, कुठेच नाही. फोटोवरून अंदाज करायचा तर शेजारी काही ठेवलेलं नाही. अर्ध्या लिटरची धरून दोन टोपलीत टाकल्या. पुढे गेलो तर "आधी खातं उघडा". पासवर्ड मागितला. तो म्हणे कमकुवत आहे, त्यात चिन्ह टाका. टाकलं. मग कंपनीचं नाव, राज्य, देश, पत्त्याच्या तीन ओळी. सगळं भरल्यावर शेवटच्या पानावर कळलं की पाठवणावळ 180 रुपये. दोन बाटल्या 360 च्या आणि त्यावर 180! तिथेच ठेवून उठलो.

मग तुमच्या व्हॉट्सॲपवर विचारलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, ते इथे चिकटवतो, हरकत नसावी:

"काका, आगळ म्हणजे नुसता कोकमाचा रस आणि मीठ, साखर नाही. सोलकढीचं आहे. एका नारळाच्या दुधाला दोन-तीन मोठे चमचे घालून चव बघा, मग वाढवा. प्यायला हवं असेल तर सरबताची बाटली वेगळी, तिच्यात साखर आहे, एकाला चार पाणी. आगळ बाहेरच राहतं, फक्त ओला चमचा घालू नका. आत्ताचा रस मेच्या दुसऱ्या आठवड्यातला आहे, पाऊस लागायच्या आधीचा. मीठ शिरोड्याच्या मिठागराचं. बाटली 750 मिलीची. चार घेतल्यात तर पाठवणीला साधारण तेवढेच पैसे पडतील, शेजाऱ्यांना विचारून बघा."

मी शेजाऱ्यांना विचारून सहा मागवल्या.

आता सांगा, असं लिहिता येणाऱ्या बाईच्या साइटवर "पारंपरिक अस्सल स्वाद" का?

तिठा | 4 जुलै, सकाळी 11.48

काकांच्या प्रतिसादाला उभं राहून अनुमोदन.

ताई, तुमची साइट तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये लिहून पडलेली आहे. मार्चपासूनच्या सगळ्या गप्पा उघडा, लोकांनी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत ते एका वहीत उतरवा. एकच प्रश्न तिघांनी विचारला असेल तर तो त्या वस्तूच्या पानावर, किमतीच्या लगेच खाली गेला पाहिजे. मी पैसे घेऊनसुद्धा याहून चांगला मजकूर लिहून देऊ शकणार नाही.

पाणंद | 4 जुलै, दुपारी 4.10

काका, वाचून आधी लाज वाटली, मग हसू आलं. खरं सांगायचं तर साइटवर तसंच लिहायचं असतं असं वाटलं होतं. सगळ्यांच्या साइटवर तसंच असतं. "ओला चमचा घालू नका" हे काय वेबसाइटवर लिहायचं, ते तर बोलण्यातलं.

वही घेतलीय. आत्तापर्यंत 43 प्रश्न झाले. त्यातले 9 "पार्सल किती दिवसांत येईल", 6 "आगळ की सरबत", आणि 5 जणांनी ओले काजूगर विचारलेत, जे आम्ही विकतच नाही.

अनुस्वार | 4 जुलै, संध्याकाळी 6.30

जरा लिपीकडे लक्ष द्या, कारण तिथे दोन दुखणी आहेत.

एक, मथळ्यांमध्ये अक्षरं तुटलेली दिसतात: को क म स र ब त, प्रत्येकाची शिरोरेघ वेगळी. थीम बनवणाऱ्याने इंग्रजी मथळ्यांसाठी अक्षरांमध्ये अंतर सोडलंय. रोमन लिपीत ते छान दिसतं, देवनागरीत रेघेचे तुकडे पडतात. 'लेटर-स्पेसिंग' शून्य करा. ओळींमधलं अंतर मात्र वाढवा, दीडपटीहून थोडं जास्त. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत.

दोन, किमतीचं पत्रक डीटीपीवाल्याकडून करून चित्र म्हणून चढवलंय. चित्रातली अक्षरं शोधात धड सापडत नाहीत, आणि डोळे अधू असलेल्या माणसाचा वाचून दाखवणारा मोबाइलही तिथे गप्प बसतो. युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टातला मजकूर तसाच चिकटवू नका, त्याची चिन्हांची खिचडी होते.

आता शब्द. तुम्ही लिहिता आमसूल. मालवणात म्हणतात सोलां. पुण्याचा माणूस शोधतो कोकम, आणि तेही निम्म्या वेळा रोमन अक्षरांत. वस्तूच्या नावात एकच ठेवा, पण वर्णनात सहज येतील असे सगळे शब्द येऊ द्या: "आमसुलं, म्हणजे आमच्याकडची सोलं, दुकानात ज्याला कोकम म्हणतात ती." हे वाचायलाही गोड लागतं आणि शोधणाऱ्यालाही सापडतं. कोकमाच्या फळाला भिरंड म्हणायचं की रातांबा हा वाद मात्र तिथे नको, गिऱ्हाईक पळेल.

गजालीकार | 4 जुलै, संध्याकाळी 6.52

भिरंडच.

वाढता_आलेख | 5 जुलै, सकाळी 9.00

सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. विक्री घाई निर्माण केल्याशिवाय होत नाही. एक प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) येतं, "फक्त 3 शिल्लक, 12 जण आत्ता हे बघत आहेत" असं दाखवतं आणि खाली घड्याळ उलटं चालतं. किंमत 180 ची 300 दाखवून 40 टक्के सूट द्या. मी तीन साइटांना लावून दिलंय, फरक दिसतो.

जमाखर्च | 5 जुलै, सकाळी 10.20

आणि ते 12 जण खरोखर बघत असतात का?

2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई लावणं हा त्यातला एक. शेवटच्या पानावर एकदम खर्च वाढवून दाखवणं हाही एक, म्हणजे ताईंचे ते 180 रुपये नकळत का होईना त्याच वाटेवर आहेत. पाठवणावळ पहिल्याच पानावर लिहा.

मी हिशेबाच्या बाजूचा, म्हणून थोडं रुक्ष बोलतो. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी क्रमांक लेबलवर आहे, साइटवर नाही, तो टाका. "100 टक्के" हा शब्द काढा. लेबलांवर आणि जाहिरातींत तो वापरू नका असं एफएसएसएआयने 2025 च्या मे महिन्यात सांगितलंय. "वजन घटवतं, पित्त मुळापासून जातं" हेही काढा, पुरावा मागितला तर कुठून आणणार? निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार करणाऱ्याचं नाव-पत्ता हे बाटलीवर असतं तसं पानावरही हवं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि संपर्कही द्यावा लागतो. तक्रार आल्यावर 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. तुमच्याकडे ते नाव तुमचंच, त्यात लाजायचं काही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की ती मर्यादा लागू राहत नाही, पहिल्या बाटलीपासून नोंदणी लागते. ताजा आंबा करमुक्त आहे, त्यामुळे फक्त तोच विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. सरबत, मसाला, पोळी तशी नाही. तुमच्या साइटवर देशभराची राज्यं निवडता येतात. बंगळूरच्या भाच्याला घरचा डबा म्हणून पाठवणं निराळं आणि बंगळूरच्या गिऱ्हाइकाला विकणं निराळं. आपल्या सीएला विचारा, तोवर राज्यांच्या यादीत फक्त महाराष्ट्र ठेवा.

आणि साइटवरचं जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह गूगलवरून उचललंय का? सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. बाग त्याच जिल्ह्यात असून भागत नाही.

पाणंद | 5 जुलै, दुपारी 1.35

चिन्ह काढलं. गोव्याला दोन पार्सलं गेली होती, ती मावशीच्या घरची, म्हणजे वाचले बहुतेक. सीएंचा नंबर शेजारच्या काजू कारखान्यातून घेतलाय.

वाढता_आलेख, राग नसावा, पण 300 ची किंमत सासूबाईंना दिसली तर त्या मला घराबाहेर काढतील. त्या गणपतीत ओळखीच्या माणसाला वीस रुपये कमी लावतात आणि वर चार आमसुलं टाकतात.

खोकेवाला | 5 जुलै, रात्री 11.10

उशिरा आलो. मी रत्नागिरीहून माल पाठवतो, हापूस आणि इतर. पाठवणीवर इथे कोणीच बोललं नाही, आणि खरे पैसे तिथेच गळतात.

कुरियरवाला वजन दोन तऱ्हांनी धरतो. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक जण 5000 ने भागतात. जे जास्त ते लागतं. 30 बाय 20 बाय 20 चं खोकं म्हणजे 2.4 किलो, मग आत एक किलो फणसपोळी का असेना. तुमचे 180 तिथून आलेत अशी माझी पक्की शंका आहे. दोनच मापांची खोकी करून घ्या, दोन बाटल्यांचं आणि सहाचं. वस्तूंची वजनं वूकॉमर्समध्ये भरा, तुमच्या सगळ्या वस्तूंना शून्य आहे. शून्य असेल तर वजनावरून आकार लावताच येत नाही, म्हणून भाच्याने सरसकट एकच आकडा टाकला असणार.

बाटली काचेची आहे ती तशीच राहू द्या, पण झाकणाखाली सील हवं, वर चिकटपट्टी, मग पिशवी, मग खोकं. आगळ सांडलं तर फक्त तुमचं पार्सल जात नाही, शेजारच्या चार जणांचे कपडे रंगतात. एकदा माझ्या बाबतीत झालंय, त्या बाई अजून फोन करतात.

घरी आल्यावर पैसे ही सोय बंद करा. परत आलेल्या पार्सलाला आमच्या धंद्यात आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, आणि तो गाडीवाल्या आरटीओपेक्षा महाग पडतो. जायचं भाडं तुमचं, यायचं भाडंही तुमचं, आणि महिन्याने परत आलेली फणसपोळी कोणी घेत नाही. यूपीआय सगळ्यांकडे आहे. अगदीच कोणी अडून बसलं तर फोनवर बोला, आवाज ऐकला की विश्वास बसतो.

पावसात पोळ्यांना दमट हवा लागते, तेव्हा सप्टेंबरपर्यंत त्या दुहेरी पिशवीतच. आणि "3 ते 5 दिवस" असं लिहिलंय ते खोटं आहे हो. घाटात दरड आली की कसले पाच? "सोमवारी आणि गुरुवारी गावातून पार्सल निघतं, मुंबईला त्यानंतर साधारण चार दिवस, पावसात एखाद-दोन जास्त" असं लिहा. लोक समजून घेतात. न सांगता उशीर झाला की चिडतात.

चाकरमानी | 6 जुलै, सकाळी 8.15

एक राहिलं. माझे पैसे गेले, पण ऑर्डर मिळाल्याची मेल आलीच नाही. दोन दिवसांनी नको त्या मेलांच्या ढिगात सापडली. तोवर बायको म्हणत होती, गेले पैसे.

तिठा | 6 जुलै, सकाळी 9.30

ते होतं. होस्टिंगच्या साध्या सोयीतून मेल गेली की समोरचा तिला संशयाने बघतो. एसएमटीपीचं (मेल रीतसर पाठवणारं) प्लगइन टाकून साइटच्या नावाच्या मेलखात्यातून पाठवा, आणि डोमेनच्या (साइटच्या नाव-पत्त्याच्या) सेटिंगमध्ये एसपीएफ व डीकेआयएमच्या, म्हणजे मेल खरंच तुमचीच हे पटवणाऱ्या, नोंदी करा. करताना अडलात तर विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सेटिंगमध्ये "खातं न उघडता खरेदी" ही खूण लगेच करा. पत्त्यातलं कंपनीचं नाव काढा. आणि साइट वेगवान करायला कॅशचं (पानांची तयार प्रत ठेवणारं) प्लगइन घालाल तेव्हा टोपली आणि पैसे भरायची पानं त्यातून वगळा, नाहीतर एकाच्या टोपलीतला माल दुसऱ्याला दिसायचा.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), डोमेन कोणाच्या नावावर आहे?

पाणंद | 6 जुलै, दुपारी 12.40

भाच्याला फोन केला. डोमेन त्याच्या कॉलेजातल्या मित्राच्या मेलवर आहे, त्याच्याकडे कसलं तरी कूपन होतं म्हणून. वर्षाने नूतनीकरणाची सूचना त्या मित्राला जाणार. तो मित्र सध्या कुठे आहे ते भाच्यालाही नक्की माहीत नाही.

तिठा | 6 जुलै, दुपारी 12.44

बाकी सगळं ठेवा. फोटो, फॉन्ट, मजकूर, सगळं नंतर. आधी तो मित्र शोधा. डोमेन म्हणजे जमिनीचा सातबारा. घर कितीही छान बांधलंत तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर काय उपयोग? त्याच्याकडून तुमच्या खात्यात हस्तांतर करून घ्या, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि साइटची एक प्रत दर आठवड्याला बाहेर साठवा.

पाणंद | 29 जुलै, रात्री 9.55

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. मित्र सापडला, हैदराबादला होता. चांगला मुलगा, तीन दिवसांत डोमेन माझ्या नावावर झालं.

गाज गेली, समुद्र गेला. मुख्य पान आता 900 केबीचं आहे. आठातल्या पाच वस्तूंचा मजकूर वहीतून उतरवलाय. आगळाच्या पानावर पहिलीच ओळ "हे सरबत नाही". सासूबाई म्हणाल्या, आपल्या वस्तूची ओळख नकाराने कशाला? पण तीच ठेवली, कारण तो प्रश्न आता येत नाही. मसाल्याचं अजून जमलेलं नाही. किती तिखट ते शब्दांत कसं सांगायचं कळत नाही. जमाखर्च यांनी सांगितलेलं सगळं केलं, जीएसटीचं सीएंकडे चालू आहे, तोवर फक्त महाराष्ट्र. मेलचं तिठा यांनी करून दिलं, त्यांना आगळ पाठवलं तर पैसे आधी टाकून मोकळे झाले.

तीन आठवड्यांत 14 ऑर्डरी, नात्यातली एक. एक बाटली फुटली, खोकेवाल्यांनी सांगितलेली चिकटपट्टी त्या एकीलाच लावायची राहिली होती. पैसे परत केले. आंबापोळी संपली. तिचं पान काढणार होते, पण तिठा म्हणाले पान ठेवा, "पुढची मेअखेर" असं लिहा, नाहीतर शोधत येणाऱ्याला रिकामी जागा दिसेल. रंग तोच आहे, जांभळा.

अनुस्वार | 29 जुलै, रात्री 10.20

मथळे जोडलेले दिसले, बरं वाटलं. मसाल्यासाठी असं लिहून बघा: "अर्धा किलो माशांच्या कालवणाला एवढे चमचे घातले तर आमच्या घरी मुलं जेवतात."

पाणंद | 29 जुलै, रात्री 10.31

अय्या, हे छान. पण आमची मुलं कसलंही तिखट खातात, शेजारच्यांच्या मुलांना विचारून लिहिते.

गजालीकार | 30 जुलै, सकाळी 7.50

आता दिसला कोकम. एक विचारतंय, ओले काजूगर धाडतंस काय गो? मुंबयत झील मागता.

पाणंद | 30 जुलै, सकाळी 8.02

नाय हो, ओले गर वाटेतच खराब होतात. मार्चात गावी या, काढून ठेवते. थांबा, हे सहावे विचारणारे तुम्ही. साइटवरच लिहून टाकते.